साबणावरचा आळ

मी साबण बोलतोय. कपड्यांचा नव्हे, अंगाचा, गुलाबाच्या वासाचा. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र शिजवून मला जन्माला घातलं. माझ्या प्रत्येक कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलकट मळाकडे. मळाला धरायचं आणि पाण्याच्या हवाली करायचं, हा माझा धंदा. माणसं मला दुतोंडी म्हणतात आणि माझ्यानेच तोंड धुतात.

कुंभारी गावात नागूबाईंच्या न्हाणीत मी आलो तेव्हा घरात लगीनघाई होती. त्यांची मुलगी संघप्रिया उद्या आईच्याच लग्नातलं पांढरं पातळ नेसणार होती. नवं घ्यायला ती कबूलच नव्हती. पातळ ट्रंकेत पिवळसर पडलेलं. धुण्याच्या पावडरीने जुनं सूत विरेल, या भीतीने नागूबाईंनी मला निवडलं. मी फुशारलो.

पण पाणी होतं बोअरचं. त्यातलं कॅल्शियम मला बघताच गळ्यात पडलं. फेस दूरच, माझी चिकट, करडी साय झाली आणि पातळावर जाऊन बसली. फेस येईना म्हणून नागूबाई मला आणखी घासत होत्या, आणि पातळ आणखी कळकट होत होतं.

"डुप्लिकेट हाय ह्यो साबण," म्हणत त्यांनी मला आपटलं. मग पातळ उजेडात धरून पाहिलं. "पोरीनं हौसेनं मागितलं, अन् म्या त्येची घाण केली की."

संघप्रिया शाळेत विज्ञान शिकवते. तिने पाव्हण्यांसाठी आणलेला फिल्टरच्या, क्षार काढलेल्या पाण्याचा जार बादलीत ओतला, लिंबू पिळलं आणि पातळ भिजवलं. साय सुटली.

"अगं, पाव्हण्यांच्या पिण्याचं पाणी हाय त्ये," तिचे वडील धर्मपाल कळवळले.

"पाव्हणं पातळ बघायला येत्यात, पाणी प्यायला न्हाय," म्हणत नागूबाईंनी दुसरा जार उघडला.

त्या पाण्यात मी असा फेसाळलो की माझी मलाच लाज वाटली. पातळ पांढरंशुभ्र झालं आणि माझी उरली चकती.

दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांनी बोअरचं पाणी पिऊन तोंडं वाकडी केली. लग्न लागलं, संघप्रिया सासरी गेली. संध्याकाळी नागूबाई न्हाणीत बराच वेळ बसून राहिल्या. धर्मपालांनी दारातून विचारलं, "डोळं का गं लाल?"

"साबण ग्येला डोळ्यात."

त्यांनी मला हातसुद्धा लावला नव्हता. हा आळ मी खुशीने घेतला. तुमच्या घरात कुणी असं म्हणालं, तर एवढं करा: साबण ओला आहे का, ते बघायला जाऊ नका.