पाच पॉइंट एकचा झेनर

कामतघरच्या पॉवरलूमवाल्यांत अय्यूब इलेक्ट्रिशियनचा सगळा दबदबा एका शब्दावर उभा होता: डायरेक्ट. स्टार्टर गेला? डायरेक्ट कर. सेन्सर रुसला? काढून टाक, वायरला वायर जोडून डायरेक्ट कर. तीस वर्षांत त्याने अर्ध्या भिवंडीची सुरक्षा अशी पकडीने उपटून काढली होती, आणि मालक लोक त्याला दुवा देत होते.

तोच अय्यूब आज धामणकर नाक्यावर, विनिताच्या रिपेरिंगच्या दुकानात, घराची बेल छातीशी धरून उभा होता. आपला आवाज भरता येतो तसली ती बेल. त्याच्या बायकोने, नूरीने, हौसेने भरला होता: "येते येते, जरा दम धरा!" नूरीला जाऊन आठ महिने झाले. बेल परवा गप्प झाली. आणि उद्या सकाळी लेक अक्सा सासरहून यायची होती. पर्समध्ये घराची चावी असली तरी ती आधी बटणच दाबायची.

विनिताने मीटर लावला. "चाचा, झेनर शॉर्ट झालाय."

"डायोडच ना? दुसरा लाव."

"साधा डायोड न्हाय हा. साधा एका बाजूने करंट सोडतो, दुसऱ्या बाजूने अडवतो. झेनर मुद्दाम उलटा लावतात. हा पाच पॉइंट एक व्होल्टपर्यंत गप्प बसतो. त्याच्यावर चढलं की जास्तीचं सगळं स्वतःतून सोडून देतो, शेजारच्या चिपला झळ लागू देत न्हाय. चार्जरमध्ये असतो, स्टॅबिलायझरमध्ये असतो, तुमच्या लूमच्या कार्डातसुद्धा असतो. कोण बघतंय त्याच्याकडे!"

"आमच्या घरात पण होती एक," अय्यूब म्हणाला.

विनिता हसणार होती, हसली नाही. "हा जळला, पण चिप वाचली असणार. चाचींचा आवाज आत शाबूत असेल. फक्त पाच पॉइंट एकचा संपलाय माझ्याकडे. नऊचा आहे, तो चालणार न्हाय. उद्या दुपारी या."

"अक्सा सकाळी येतेय गं."

"एका दुपारचा प्रश्न आहे, चाचा. तोवर हात लावू नका."

संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधीच अय्यूब स्वयंपाकाच्या ओट्यावर बेल उघडून बसला. चिप शाबूत आहे, विनितानेच सांगितलं. मेलेला पार्ट तेवढा वाटेत आडवा पडलाय. आणि ऐकायचं तरी किती, एकदाच. त्याने पकड घेतली, झेनर कापून काढला. डायरेक्ट. बटण दाबलं.

"येते येते, जरा द—"

उभ्या आयुष्यात नूरी इतक्या मोठ्याने बोलली नव्हती. मग चिपमधून धुराची बारीक रेघ निघाली आणि ओट्यावर जळका वास पसरला. अय्यूबने बटण पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मग पकड धुऊन, पुसून जागेवर ठेवली. पकड कोणी धूत नाही.

सकाळी जिन्यावर अक्साची पावलं वाजली. बेल भिंतीवर परत लावलेली होती. अय्यूब दाराच्या आत, कडीवर हात ठेवून उभा. बाहेर बटणाची टिकटिक झाली. थोडं थांबून पुन्हा झाली. 

"येते येते," तो आतून ओरडला, "जरा दम धरा!"

बाहेर अक्साचं बोट बटणावरच राहिलं. आत अय्यूबला कडी काही काढवेना.