सोलांजचं तोंड

अगं बायांनो, ऐका तरी! मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझं सगळं मागचं पुढे होतं. सोलांजला तुम्ही पाहिलंय ना, आमच्या चित्रांच्या दुकानातली फ्रेंच पोरगी, डाव्या गालावर मसुरीएवढा तीळ? चित्रं छापून आली की आम्ही तिघी टेबलाशी बसून रंग भरतो. नेल पिवळा, मी निळा, सोलांज लाल. आणि हल्ली फ्रान्सवरची चित्रं म्हणजे लालच लाल! बंडवाल्यांच्या टोप्या, रक्त, सगळं तिच्याच कुंचल्याखाली. नेल चिडवायची, "तुमच्याच गावचं आहे, तूच भर!" ती हसायची आणि भरायची. कारण काम सोडून जाणार कुठे? बाप लंडनच्या टोकाला सोमर्स टाउनात एका खोलीत अंथरुणाला खिळलेला. ही घरी पोचेपर्यंत त्याच्या पोटात घोटभर रस्सासुद्धा जात नाही.

तर तिकडे त्यांच्या राजाचं मुंडकं उडवलं ती बातमी आली, आणि सोलांज टेबलाशीच रडायला लागली. साधंसुधं नाही हं, चांगलं तोंड वासून! आणि आमचे हॉब्डे साहेब, तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरतात ते, समोर बसून तिला भराभरा कागदावर उतरवतायत! मला वाटलं, माणसाला दया आली असेल. दया कसली! चार दिवसांत चित्र तयार. पॅरिसची कोळीण मुंडक्यांच्या ढिगावर बसून जेवतेय, आणि चेहरा सोलांजचा. रडतानाचाच! साहेबांनी फक्त ओठांची टोकं वर वळवली, की झालं हसू.

सोलांज चित्रातल्या स्वतःच्याच हनुवटीवर लाल रंग लावत बसली. मला तर बघवेना.

चित्र खिडकीत लागलं आणि जी गर्दी लोटली! आमच्या खिडकीची काच न् काच चित्रांनी झाकलेली, त्यामुळे आत दिवसाही अंधार, आणि कागदांमागून नुसत्या टोप्यांच्या सावल्या हलताना दिसतात. काम संपवून सोलांजनं दार उघडलं मात्र, कुणीतरी ओरडलं, "अरे, ही बघा! मुंडकेखाऊ! चित्रातनं बाहेर आली!" सडका कोबी आला तिच्या अंगावर, चिखल आला. तिला आत ओढून मी अडसर लावला. मागच्या अंगणातून जावं म्हणाल, तर तिथं नुसती दारूभट्टीची भिंत. दार एकच, आणि त्या दारात ते सगळे.

"बाई, ते चित्र काढा ना खिडकीतून," मी मालकिणीला म्हटलं.

"काढू?" पेनथॉर्न बाई म्हणाल्या. "डोकं फिरलंय का तुझं? असं गिऱ्हाईक वर्षात नाही आलं!"

"पण हिचा बाप उपाशी आहे."

"मग झोपेल उपाशी. मी काय करू?"

सोलांज दाराला टेकून उभी. माझी बाही धरून म्हणाली, "टॅबी, काहीतरी कर गं. बाबांना पाणीसुद्धा उठून घेता येत नाही."

आणि मला एकदम दिसलं! चित्रातला तीळ उजव्या गालावर होता! मी तिचा हात धरला, अडसर काढला आणि थेट बाहेर. "बघा नीट! डोळे फुटलेत का तुमचे? चित्रातलीचा तीळ कुठे, हिचा कुठे?" पुढे एक धिप्पाड खाटीक होता. त्यानं एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "खरंच की रे," तो म्हणाला. "ही नव्हे ती. सरका, जाऊ द्या पोरीला." लोक सरकायला लागले, बायांनो! वाट झाली!

तेवढ्यात हॉब्डे साहेब हात पुसत दारात. "कोण म्हणतो ही नव्हे? समोर बसवून काढलीय मी हिला! पत्र्यावर कोरलेलं छापताना उलटं उमटतं, एवढंही कळत नाही गाढवांनो? तीळ तिचाच आहे!"

साहेबांचं नाक वर, कारागिरीवर कुणी शंका घेतली ना! आणि झालेली वाट पुन्हा बंद.

मग सोलांजला रडूच फुटलं. तस्संच, तोंड वासून. आणि लोक जे हसले, जे हसले! "हुबेहूब! तेच तोंड! पुन्हा कर, पुन्हा कर!" खाटीक तर मांड्या थोपटत होता. "जाऊ द्या रे तिला, जेवायची वेळ झाली असेल!" हसत हसत त्यांनी वाट दिली आणि ती धावत सुटली.

मला वाटलं, सुटली. कुठली सुटतेय! दुसऱ्या दिवशी हजर सगळे. "तोंड कर, मग आत सोडतो!" तिनं मान खाली घातली, तर कुणी जागचा हलेना. शेवटी केलं तिनं. संध्याकाळी पुन्हा. आता लोक पोरंबाळं घेऊन येतात. हॉब्डे साहेबांनी दुसरा पत्रा घेतलाय, त्यातही तीच. पेनथॉर्न बाई आम्हाला म्हणतात, "तिला जरा उशिरा सोडा, गर्दी जमू दे." आणि तिला दुसरीकडे काम कोण देणार? ते चित्र आता सगळ्या लंडनभर गेलंय.

काल धुकं होतं ना? गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी मुद्दाम आधी बाहेर जाऊन बघून आले, तिला म्हटलं, "कुणी नाही गं, जा निवांत." तिनं मान हलवली, शाल घेतली, दाराच्या कडीला हात घातला आणि तोंड वासलं. मी म्हटलं, "सोलांज, अगं, कुणी नाहीये!" ती तशीच बाहेर पडली. मी दारातून बघत राहिले. धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत तिनं तोंड मिटलं नाही.