मापाला उभी

रविवारी चित्रांचं प्रदर्शन संपणार होतं, आणि त्याच दिवशी सकाळी अनीश म्हणाला, "आई, हार्बरफ्रंटला ऑफिसात जावं लागतंय गं. तू जाऊन ये ना!"

जाऊन ये म्हणे! महिनाभर 'आपण जाऊ' चाललं होतं. मला ती चित्रं माझ्या लेकाबरोबरच बघायची होती. आमचे हे, म्हणजे निशिकांत, जन्मभर नाटकांचे पडदे रंगवत राहिले, आणि ही चित्रं अठराव्या शतकातल्या एका इटालियन नेपथ्यकाराची.

गेले एकटी. घराजवळच्या पुंगोल स्टेशनवरून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, धरली. दोघांसाठी केलेला पोळीभाजीचा डबा पिशवीत तसाच होता.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले राजवाडे. काय ते खांब, काय त्या कमानी! आणि प्रत्येक कमानीखाली नखाएवढं एक माणूस. मला हसूच फुटलं. अहो, ते माणूस मी ओळखलं ना! ती मीच.

पडदा रंगवताना हे मला समोर उभं करायचे. "संजीवनी, हलू नकोस. शेजारी माणूस असल्याशिवाय दाराची उंची कळत नाही." तिकडे पोळी करपायची, अनीश पाळण्यात टाहो फोडायचा, आणि मी पिठाच्या हातांनी महालाच्या दारात! अस्सा राग यायचा. हे गेले, आणि 'हलू नकोस' म्हणणारं कुणी उरलं नाही.

हे सांगू कुणाला? शेजारी चित्र बघत असलेल्या एका मुलीच्या हातात फोन दिला आणि सगळ्यात मोठ्या चित्राच्या कमानीपाशी ताठ उभी राहिले. फोटो अनीशला पाठवला. बाबांच्या मापाची ही गोष्ट त्याने लहानपणी शंभरदा ऐकलीय. ओळखेल, वाटलं.

बाकावर बसून वाट पाहिली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "मस्त! पण जरा बाजूला सरकली असतीस, तर चित्र पूर्ण दिसलं असतं."

"अरे गाढवा," मी मोठ्यानेच म्हणाले, "सरकले असते तर कमान केवढी ते कळलं असतं का तुला?" दारावरचा रखवालदार बघायला लागला. बघू दे. माझे डोळे भरून आले होते.

पदर सावरला, उठले आणि पुन्हा त्याच कमानीपाशी जाऊन उभी राहिले. फोटो काढायला आता कुणी नव्हतं. तरी हलले नाही.