रेघेखालची दोन टिंबं

"आजोबा, नंबर आला की हाक मारतो. तिथे बसा," शिपाई म्हणाला.

तीन वेळा आमदार झालेले, पंधरा वर्षं 'साहेब' याखेरीज दुसरी हाक न ऐकलेले गृहस्थ मुकाट्याने बाकावर टेकले. शेजारी त्यांची मुलगी होती. ती परिचारिका, नोकरी तीनशे किलोमीटरवरच्या रुग्णालयात. घरी तिची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, आणि तिची कूस बदलायला साहेबांच्या हातांत जोर राहिला नव्हता. बदलीचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता.

"मंत्री नाही म्हणाले तर, बाबा?"

"कसा म्हणेल? अकरा वर्षं माझी पत्रं लिहिलीत त्याने."

हे खरं होतं. आजचा मंत्री साहेबांचा लेखनिक होता. तेव्हा साहेबांच्या दारातून कुणी विन्मुख जात नसे. मागेल त्याला शिफारसपत्र, मजकूर सगळ्यांना तोच. मेख सहीत होती. सहीखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं असली की काम करायचं. नुसती रेघ असली की पत्र फायलीत पुरायचं. कचेऱ्यांना खूण ठाऊक होती, लोकांना नव्हती.

"माणूस दुखवायचा नाही," साहेब लेखनिकाला शिकवत. "नाही म्हणायला कचेरी आहे."

एका मास्तरांना आजारी मुलासाठी शहरात बदली हवी होती. निवडणुकीत ते विरोधकांच्या बाजूने फिरले होते. चार खेपा घातल्या, चारही वेळा नुसती रेघ मिळाली. पाचव्यांदा आले ते म्हणाले, "आता पत्र नको, साहेब. मुलगा गेला. पण तुम्ही दर वेळी सही केलीत, हे विसरणार नाही." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. लेखनिक दारातून बघत होता.

तासाभराने हाक आली. मंत्री उठून उभा राहिला, वाकून पाया पडला.

"तुम्ही कशाला आलात, साहेब? नुसता फोन करायचा."

"गेल्या निवडणुकीत मी तुझ्या विरोधात बोललो. म्हटलं, राग असेल."

"छे हो. तुमच्यावर कसला राग?"

पत्र टाईप होऊन आलं. मंत्र्याने सही केली, खाली ऐटीत रेघ ओढली. साहेब पेनाच्या टोकाकडे बघत राहिले. टोक रेघेच्या शेवटी क्षणभर थांबलं आणि मंत्र्याने पेनाला टोपण लावलं.

"चहा घेणार?" त्याने विचारलं.

बाहेर मुलीने पत्र दोनदा वाचलं. तिचा चेहरा उजळला होता.

"झालं ना काम?"

'झालं' हा शब्द साहेबांच्या जिभेवर आयता होता. आयुष्यभर त्यांनी तोच वाटला होता.

"नाही," ते म्हणाले. "काम होणार नाही, बाळ."

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला तोंडावर नाही म्हटलं होतं.

"असं काय बोलता? एवढा मोठा माणूस पाया पडला तुमच्या. सहीसुद्धा लगेच केली."

"सही केली, हो."

"मग? तुम्हाला आता कुणाचं चांगलं दिसतच नाही."

तिने पत्र कपाळाला लावलं आणि ती आवक-जावकच्या खिडकीसमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे सतरा माणसं होती, प्रत्येकाच्या हातात एकेक पत्र. साहेब तिची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले.