राखाडी पट्टी

बाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. सुरुवातीला मोठ्या फळ्यासमोर बसून, भोकांत प्लग खुपसून माणसांना माणसांशी जोडून देण्याचं काम होतं. पुढे फळा गेला, संगणक आले, बाई तक्रारींच्या टेबलावर बसल्या, पण गल्लीत त्यांचं नाव ‘एक्स्चेंजबाई’ पडलं ते पडलंच. लाइन जोडली की आवाज नीट पोचतोय ना, हे बघायला दोन-चार सेकंद कान लावावा लागे. तेवढ्यात त्यांनी लोकांची मरणं ऐकली, भांडणं ऐकली, नवऱ्याच्या चोरून बोलणाऱ्या बायका आणि बायकोच्या चोरून बोलणारे नवरे ऐकले. त्यातलं एक अक्षर त्यांनी कधी घरी आणलं नाही. कानावर पडलं त्याला आपला इलाज नाही, पण ते पुढे नेलं तर ती चोरीच, असं त्यांचं सरळसोट मत होतं.

स्वतःचं बोलायला मात्र त्यांना भारी आवडे. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर आपलं बोलायला संध्याकाळच उरायची, आणि ऐकायला घरात नवरा.

नवरा लेथवर टर्नर. कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत, आणि हळूहळू घरीदारीही तेच झालं. चाळीस वर्षं लोखंड कातता कातता त्यांचे कान गेले. निवृत्त झाले तेव्हा शेजारी कुणी हाक मारली तरी कळत नसे. बाई ओरडून बोलत, मग घसा बसे, मग चिडत, आणि शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं. दोन माणसांच्या घरात चार-पाच वर्षं फक्त भांड्यांचे आवाज होते.

दीड वर्षापूर्वी मुलाने बापाला कानाची यंत्रं आणून दिली. मुलगा एका मोठ्या ऑफिसातले संगणक सांभाळायचा आणि त्याला असल्या वस्तूंचा शौक होता. आईबापांच्या घरी त्याने काय काय आणून ठेवलं होतं. दारावर कॅमेऱ्याची घंटा, वजन थेट फोनवर पाठवणारा काटा, प्रश्न विचारला की उत्तर देणारा एक डबा. तो डबा बाईंनी दुसऱ्याच दिवशी टॉवेलात गुंडाळून कपाटात टाकला. आपलं बोलणं ऐकत बसणारी वस्तू त्यांना घरात नको होती. यावरून मायलेकरांचं नेहमी वाजे.

“अगं आई, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?” मुलगा म्हणायचा.

“लपवण्यासारखं नसलं म्हणजे चव्हाट्यावर मांडण्यासारखं असतं का?” बाई म्हणायच्या. उस्ताद यात पडत नसत.

कानाच्या यंत्राबद्दल मात्र बाईंची काही तक्रार नव्हती. दोन करड्या शेंगा कानांमागे बसल्या आणि घरात बोलणं परत आलं. रोज सहाच्या सुमाराला बाई चहा घेऊन मागच्या खोलीत बसत. समोर निवडायला भाजी किंवा घड्या घालायला कपडे, शेजारी खुर्चीत उस्ताद. मग बाई सुरू होत. पेन्शनच्या रांगेत कोण भेटली, वरच्या मजल्यावरच्या सुनेचं काय बिनसलं, एक्स्चेंजमधली अमकी आता कशी झाली आहे. उस्ताद अधूनमधून कानामागे बोट नेत, मान हलवत, ‘हं’ म्हणत, ‘बघू’ म्हणत, ‘होतं असं’ म्हणत. मुळातच ते कमी बोलणारे. नऊ वाजता ते टीव्हीवरच्या बातम्या लावत, तोवर बाईंचं मन रिकामं झालेलं असे.

एका रविवारी दुपारी मुलगा आला होता. उस्ताद आत झोपले होते. चहा पिता पिता मुलगा म्हणाला, बाबा यंत्र नीट वापरत नाहीत, त्यांना जरा समजाव. बाईंना ते पटेना. सकाळी तोंड धुतल्यापासून झोपेपर्यंत यंत्र त्यांच्या कानात असतं, हे त्या रोज बघत होत्या.

“कानात असतं गं. पण बंद असतं.” मुलाने फोन पुढे केला. “हे बघ.”

फोनवर दिवसांच्या आडव्या पट्ट्या होत्या. हिरवं म्हणजे यंत्र चालू, राखाडी म्हणजे त्याचा आवाज बंद केलेला, असं त्याने सांगितलं. शेंगेवरचं बटण दाबून धरलं की आवाज बंद होतो आणि त्याची नोंद कंपनीकडे जाते. ज्याच्या फोनला यंत्र जोडलेलं त्यालाही ती दिसते. बाईंनी चष्मा लावला. सगळ्या पट्ट्या सकाळपासून हिरव्यागार होत्या आणि प्रत्येकीत संध्याकाळी एक राखाडी तुकडा होता. सहा ते नऊ. सव्वासहा ते नऊ. सहा ते पावणेनऊ. नवानंतर पुन्हा हिरवं.

“टीव्हीचा कलकलाट नको वाटत असेल,” मुलगा म्हणाला.

टीव्ही नवाला लागतो, हे बाई बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तू हे बघतोस ते बाबांना माहीत आहे का. मुलगा म्हणाला, यंत्र बसवलं त्या दिवशी चार पानी कागदावर सही त्यांनीच तर केली. ते कागद कोण वाचतं, हे दोघांनाही माहीत होतं.

मग बाई उठल्या आणि कपाटातून पेन्शनच्या कागदांची पिशवी घेऊन आल्या. त्यात हयातीच्या दाखल्याची पावती होती. कार्यालयात जाऊन अंगठा टेकवायचा, आपण जिवंत आहोत असं यंत्राला पटवायचं, मग पावती मिळते. पावतीवर तारीख होती. ती तारीख त्यांनी मुलाला दाखवली आणि त्या दिवशीची पट्टी काढायला सांगितली. त्याने कशाला म्हणून विचारलं. काढ तर, असं त्या म्हणाल्या. पाच महिने मागे जायला त्याला जरा वेळ लागला.

त्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांपासून आठ पन्नासपर्यंत राखाडी होतं.

बाईंनी फोन परत दिला आणि कपबशा उचलल्या. मुलगा गेल्यावरही त्या बराच वेळ मोरीपाशी उभ्या होत्या, नळ सोडून.

त्या दिवशी सकाळी अंघोळ करताना त्यांच्या हाताला गाठ लागली होती. डाव्या छातीत, खालच्या बाजूला, शेंगदाण्याएवढी. दिवसभर त्या पेन्शनच्या रांगेत ती गाठ घेऊन उभ्या राहिल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चादरीची घडी घालता घालता, खाली बघत, त्यांनी उस्तादांना सांगितलं. मोठं काही सांगतोय असं वाटू नये म्हणून पाण्याच्या टाकीची आणि दूधवाल्याची गोष्ट सांगून झाल्यावर मध्येच सांगितलं. वर बघितलं तेव्हा उस्ताद मान हलवत होते.

“होतं असं,” ते म्हणाले होते.

त्या दोन शब्दांवर बाईंनी पाच महिने काढले. आपला नवरा उगीच धीर देणारा माणूस नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्या मोठ्या बहिणीलाही अशी गाठ होती आणि ती साधी निघाली होती. तेच आठवून म्हणाला असेल, असं त्यांनी धरलं. कधी वाटे, याने पुन्हा एकदाही विचारू नये? मग वाटे, भीती वाटत असेल त्यालाही, विषय नको असेल. माणसाने विचारलं नाही म्हणून आपण डोक्यावर घेऊन नाचायचं का, असं म्हणत त्यांनी डॉक्टरकडे जाणं आज-उद्यावर टाकलं. शेंगदाण्याची आता सुपारी झाली होती आणि वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसत होती.

रात्री त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, म्हणजे पट्टी हिरवी असते त्या वेळी, उस्ताद पेपर वाचत असताना त्या समोर जाऊन बसल्या.

“मशीन चालू आहे ना?”

उस्तादांनी पेपर खाली केला. चालू आहे म्हणाले.

“माझ्या छातीत गाठ आहे. पाच महिन्यांपूर्वी सांगितलं होतं तुम्हाला. संध्याकाळी.”

उस्तादांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग त्यांचा हात आपसूक कानामागे गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी सगळं सांगितलं. मुलाचा फोन, हिरवं, राखाडी, पावतीवरची तारीख. आवाज चढवला नाही. एक्स्चेंजमध्ये तक्रार वाचून दाखवत तशा त्या एकेक गोष्ट सांगत गेल्या.

त्या यंत्रातून सगळंच सारखं मोठं ऐकू येतं, असं उस्ताद सांगू लागले. चमचा, नळ, पेपरचं पान, माणूस, सगळं एकाच पट्टीत. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. बातम्यावाला एकच माणूस असतो आणि एका सुरात बोलतो, तो चालतो. बाईंना ‘थांब’ असं त्यांना म्हणवत नव्हतं, इतक्या वर्षांनी त्या पुन्हा बोलायला लागल्या होत्या. तिला बोलायचं असतं, मी बसलेलो असलो की झालं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. चेहऱ्यावरून कळायचं कधी हसायचं नि कधी मान हलवायची.

“त्या दिवशी तू खाली बघत असशील,” ते म्हणाले.

“हो. चादर घडी करत होते.”

मुलाला आपलं सगळं दिसतं हे कळल्यावर उस्तादांना खरं तर संताप यायला हवा होता. बाई त्याची वाटही बघत होत्या, म्हणजे निदान रागवायला तिसरं कुणीतरी मिळालं असतं. पण उस्ताद उठले, सदरा बदलला आणि पायात चपला सरकवून दारात उभे राहिले. चल म्हणाले.

दवाखान्यात खूप गर्दी होती. तपासण्या दोन आठवडे चालल्या. ज्या दिवशी सगळे कागद हाती आले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ते पुढे ठेवून विचारलं, गाठ पहिल्यांदा कधी लागली हाताला. वय असेल पस्तिशीचं, पण आवाजात घाई नव्हती. बाई तोंड उघडणार इतक्यात उस्ताद म्हणाले:

“साडेपाच महिने झाले. हिने मला त्याच दिवशी सांगितलं होतं.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या कानांकडे बघितलं, आणि लिहून घेतलं. एवढंच सांगितलं की गाठ आता एका जागी राहिलेली नाही, पाठीच्या मणक्यातही दिसते आहे. वेळेवर आला असतात तर, असं कुणीच म्हणालं नाही.

मुलाला हे कळलं तेव्हा तो आईच्या पायाशी बसून रडला. मी बघत होतो गं सगळं, तो म्हणत होता, दीड वर्षं रोज बघत होतो. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तू फक्त किती वाजता बंद होतं तेवढंच बघत होतास, हे त्यांना म्हणवलं नाही. त्यांनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. त्या पट्ट्या पुसून टाक. त्याने आपल्या फोनवरून लगेच काढल्या. कंपनीकडच्या काढून टाका म्हणून फोन केले, पत्रं पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ग्राहकाचं नाव काढून टाकण्यात येईल, आकडे मात्र यंत्र सुधारण्यासाठी जपून ठेवले जातील. मुलगा ते वाचून दाखवत होता आणि बाई खिडकीबाहेर बघत होत्या. आपल्या न ऐकलेल्या बोलण्याचे पाचशे दिवस कुठेतरी बिननावाचे पडून राहणार, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, जाऊ दे.

उपचार सुरू झाले. केस गेले, तोंड आलं, बोलताना जीभ सोलवटायची. आता उस्ताद संध्याकाळी यंत्र बंद करत नसत. कपाळ दाबत बसत पण बोट कानामागे नेत नसत. बाईंना बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. दोन वाक्यं बोलत आणि थांबत. मध्ये एकदा त्या चिडून म्हणाल्या, असं तोंडाकडे बघत बसू नका, परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. उस्तादांनी खुर्ची वळवून घेतली, पण यंत्र चालूच ठेवलं.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. खोलीबाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, दार आपटत होतं, त्या मात्र हळू आवाजात बोलत होत्या. बाई ऐकत होत्या. शेवटी त्या उठल्या, नमस्कार केला, आणि दोघं लिफ्टपाशी आले.

लिफ्टमध्ये आणखी तिघं होते. एक बाई फुलं घेऊन आणि दोन तरुण मुलं. दार बंद झालं तशी उस्तादांनी विचारलं, दार आपटलं तेव्हा ती काय म्हणाली.

“घरी गेल्यावर सांगते,” बाई म्हणाल्या.

“आत्ता सांग. मला आत्ता ऐकायचंय.”

“औषध लागू पडत नाहीये,” बाई हळूच म्हणाल्या.

लिफ्टच्या घरघरीत उस्तादांना ते लागलं नाही. त्यांनी दोन्ही कानांमागे हात धरून मान पुढे केली आणि काय म्हणून विचारलं. बाईंनी त्या तिघांकडे बघितलं. मग एक्स्चेंजमध्ये लांबच्या लाइनवर लावत तो आवाज लावला, एकेक शब्द सुटा करून.

“औषध लागू पडत नाहीये. आणखी तीन-चार महिने, असं म्हणाली.”

फुलंवाली बाई आकड्यांकडे बघू लागली. एका मुलाने फोन खिशात ठेवला. उस्तादांनी भिंतीवरची दांडी धरली. दार उघडल्यावर तिघं घाईने बाहेर पडले, आणि लिफ्ट परत वर जायला निघाली तरी ही दोघं आतच उभी होती.