रंगाचे सहा हात

सकाळपासून नॉर्बर्टनं वायपरच्या मोटरला जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातल्या चौतीस वर्षांत फोरमनलाही घातल्या नव्हत्या. मोटर मात्र ढिम्म. टेबलावर काढून बॅटरीच्या दोन वायरी लावल्या की शहाण्यासारखी गरगर फिरायची. गाडीत बसवून बोल्ट आवळले, बटण ओढलं, की मेली मुकाट. चार वेळा हेच झालं. बरं, मोटरही ही तिसरी. आधीच्या दोन त्यानं बिघडल्या म्हणून कचऱ्यात टाकल्या होत्या. त्या बिचाऱ्या ठणठणीत होत्या हे आता कळत होतं, त्यामुळे डोकं जास्तच फिरलं होतं.

बाहेर इरी सरोवरावरून आलेला पाऊस गॅरेजच्या दारावर आपटत होता. आज वायपरशिवाय निघणं शक्यच नव्हतं. ही पासष्ट सालची निळी गाडी त्यानं सहा वर्षं खपून गंजातून उभी केली होती, आणि सुरुवातीलाच बायकोला, लोरेनला, शब्द दिला होता: पहिली फेरी तुझी. लग्नानंतर गेलो होतो त्या पोर्ट क्लिंटनला, त्याच हॉटेलात. हॉटेलची खोली दोनदा घेऊन दोनदा रद्द केली होती. एकदा ब्रेक कुरकुरत होते, एकदा सीटचं कापड याच्या मनासारखं नव्हतं. आज तिसरी खेप. अकराला निघायचं होतं.

"या वेळी नाही जमलं ना, नॉर्बर्ट," लोरेन काल जेवताना म्हणाली होती, "तर मला पुन्हा विचारू नकोस."

आवाज चढवला नव्हता तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

आणि संताप याचा की बिघाड काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जुना दोस्त ऑर्व्हिल काल संध्याकाळी फोनवर म्हणाला होता, "अरे येड्या, इंजिनामागच्या पत्र्याला रंग फासलास, बोल्टांना फासलास, मग रंगातून वीज जाईल कशी? मोटरला अर्थिंग काय आभाळातून मिळणार? बोल्टखाली नाण्याएवढा पत्रा खरवड. नाहीतर वेगळी वायर ओढ आणि मोकळा हो."

नॉर्बर्टनं सकाळी करूनही पाहिलं होतं. एक सुटी वायर मोटरच्या अंगाला टेकवून दुसरं टोक बॅटरीला लावलं, तर वायपर लगेच हलले. वायर काढली, थांबले. विषय संपला.

पण छे, संपतो कसला. इंजिनामागच्या त्या पत्र्यावर रंगाचे सहा हात होते. प्रत्येक हात वाळवून, घासून, मग पुढचा. समोर उभं राहून भांग पाडावा असा झाला होता पत्रा. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक टॉर्च घेऊन वाकतात आणि एक ओरखडा दिसला की गुण कापतात. वायर ओढली तर ती मूळ गाडीतली नाही म्हणून कापतात. तेव्हा नॉर्बर्टसाहेबांनी काय केलं? फ्यूज बदलला. बटण उघडून साफ केलं. रंग आपोआप सोलवटेल या आशेनं बोल्ट आणखी आवळले. ज्याचा काही उपयोग नाही हे माहीत होतं ते सगळं इमानेइतबारे केलं आणि दर खेपेला मोटरच्या नावानं खडे फोडले.

साडेदहाला लोरेन दारात आली. रेनकोट घालून तयार.

"सापडलं काही?"

"नाही गं. काही कळतच नाही."

"सगळं पाहिलंस?"

"सगळं म्हणजे सगळं. जरा करू दे ना मला."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

तोंडातून गेलं ते गेलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा मोटरचाच राग आला.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. दोनदा त्यानं पॉलिश पेपर उचलला आणि दोनदा खाली ठेवला. शेवटी पावणेबाराला मोटर सोडवली, दात आवळले आणि खरवडायला सुरुवात केली. निळी पूड बोटांवर आली. खाली चकचकीत पत्रा दिसला. मोटर बसवून बटण ओढलं. वायपर असे पळाले, जणू सकाळपासून त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तो तसाच घरात धावला. लोरेन स्वयंपाकघराच्या दाराशी बॅग घेऊन उभी होती. हातात स्वतःच्या गाडीची किल्ली.

"झालं सुरू. चल, निघू."

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं. म्हणजे, सापडल्यावर."

"काल ऑर्व्हिलचा फोन आला तेव्हा तू आंघोळीला गेला होतास," लोरेन म्हणाली. "मीच उचलला. त्या गाढवाला रंग खरवडायला सांग, म्हणाला. नंतर तुझ्याशीही बोलला ना?"

नॉर्बर्टचा चेहरा खर्रकन उतरला.

"मग तू बोलली का नाहीस?"

"बघत होते, तू त्या पत्र्याला हात लावतोस की मला तिसऱ्यांदा गुंडाळतोस. उशिराचं मला काही नाही रे. सहा वर्षं उशीरच चाललाय. पण माझ्या तोंडावर म्हणालास, काही कळत नाही. ते लागलं मला."

"चुकलं माझं."

"चुकलंच." तिनं बॅग उचलली. "मी चाललेय पोर्ट क्लिंटनला, माझ्या गाडीनं. यायचं असेल तर हात धू आणि ये. मी चालवणार. आणि वाटेत त्या पत्र्याचं नाव काढायचं नाही."

ती पावसात गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

गॅरेजमध्ये वायपर कोरड्या काचेवर करकरत चालूच होते. काचेवर चरे पडणार होते, दुपारपर्यंत बॅटरीही उतरणार होती. जाऊन किल्ली फिरवून ते बंद करायला अर्धं मिनिट लागलं असतं. नॉर्बर्टनं एकदा गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. मग बेसिनवर हात धुतले आणि पावसात जाऊन तिच्या शेजारी बसला.