राई म्हणजे मोहरी नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. घाबरू नका, सध्या मी शोभेची आहे.

घोडेगावच्या एका लोहाराने मला मोडक्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलं. त्यामुळे घाट चढायची सवय जन्मापासूनच. आहुप्याच्या सावळेरामबाबांनी मला धामणीच्या लाकडाचा दांडा बसवला. रानातली पुष्कळ झाडं आम्ही दोघांनी आडवी केली, ठेकेदाराचे ट्रक भरून दिले. लोक म्हणत, "सावळेरामाची कुऱ्हाड लई तिखट!" पण राई आली, की बाबा मला शिवेवरच्या दगडावर ठेवत आणि अनवाणी आत जात. रान माणसांचं, राई देवाची. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. आत काय आहे, ते मला कधी दिसलंच नाही.

पुढे तोड थांबली. बाबाही गेले. गावात ट्रेकवाले येऊ लागले. बाबांच्या सुनेने, सोनीबाईने, पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आणि मला भिंतीवर टांगलं. माझ्यासोबत सगळे फोटो काढत; तेल मात्र कुणी लावेना. दांड्यात भुंगा शिरला.

परवा निनाद नावाच्या पाहुण्याला शेकोटी करायची होती.

"रानातनं वाळकं आणा," सोनीबाई म्हणाली, "पण राईत जाऊ नका बरं, भाऊ."

"छे हो काकू, मी कशाला मोहरी तुडवतोय!" असं म्हणून त्याने मला खांद्यावर टाकलं.

शिवेवरचा दगड आला. वाटलं, आता ठेवील. त्याने दगडावर पाय देऊन बुटाची नाडी बांधली आणि तो सरळ आत शिरला. मित्रांनो, एवढी झाडं उभी असलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

इकडे घरी आमटीच्या फोडणीत मोहरी तडतडली आणि सोनीबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पळी हातात तशीच घेऊन ती धावत सुटली.

निनादने एका म्हाताऱ्या हिरड्याच्या फांदीवर मला उगारलं. मी डोळे मिटले. कट्! अर्धा दांडा त्याच्या हातात, मी मागे पाचोळ्यात.

"आवो पावणं, राई म्हंजी ही!" सोनीबाई धापा टाकत ओरडली.

"मग मोहरी कुठंय?"

"आमटीत!"

त्याने बूट काढले, मला उचललं आणि बाहेर आणून दगडावर ठेवलं.

"देवानंच दांडा मोडला," सोनीबाईने हात जोडले. गावही तेच म्हणतं. भुंग्याचं नाव कुणी घेत नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखावी, हे मी सांगायलाच हवं. अवजारांना तेल द्या, दांडे वेळेवर बदला. माझ्या दांड्याची मात्र घाई नको. दिवाळीला पुन्हा पाहुणे यायचेत.